फेअर म्हणजे गोरं की रास्त?

दिवसभरात ‘फेअर’ हा शब्द किती वेळा कानावर पडतो, एकदा मोजून बघा. इंटर्नलचे मार्क नोटीस बोर्डावर लागले की पहिली प्रतिक्रिया ठरलेली, ‘हे फेअर नाहीये यार!’ ग्रुप प्रोजेक्ट एकीने केला आणि प्रेझेंटेशनला पाच जण उभे राहिले, तरी तेच. वादात समोरच्याचा मुद्दा पटलाय, पण ‘पटलं’ म्हणायचं जिवावर आलंय, मग ‘फेअर इनफ’. आणि संध्याकाळी घरी गेलात की मावशी ताईसाठी आलेल्या स्थळाबद्दल सांगत असते, ‘मुलगा एकदम फेअर आहे हो!’ आता मावशीला तो न्यायी आहे, असं काही म्हणायचं नसतं. त्याने आयुष्यात कुणाला न्याय दिला की नाही, याची चौकशी स्थळ बघताना करतं कोण? तो गोरा आहे, एवढंच.

एकाच शब्दाला दोन-चार अर्थ असणं ही काही नवलाई नाही. मराठीत ‘पार’ला किती अर्थ आहेत बघा. पण ‘फेअर’चे अर्थ एकमेकांत मिसळताना आपल्याकडे एक घोळ झालाय, आणि तो परीक्षेतल्या अर्ध्या मार्काचा नाही. इंग्रजीतला न्यायाचा सगळ्यात साधा, रोजच्या वापरातला शब्द आपण कातडीच्या रंगाला चिकटवून ठेवलाय, आणि वर त्याला सभ्य भाषा समजतोय.

आधी शब्दाचं मूळ बघू. जुन्या इंग्रजीत ‘फेअर’चा अर्थ होता सुंदर, डोळ्यांना बरं वाटणारं. माणूस फेअर, गाव फेअर, हवामानही फेअर. हवामानाचा अर्थ अजून तसाच टिकलाय. ‘फेअर वेदर’ म्हणजे पाऊसवादळ नसलेली, उघडीप असलेली हवा. त्यावरूनच ‘फेअर-वेदर फ्रेंड’ आला. सबमिशन पूर्ण असताना चहाला सोबत असणारा आणि फाइल हरवली की फोन न उचलणारा. हळूहळू ‘सुंदर’मधून ‘निर्मळ, डाग नसलेलं’ असा अर्थ फुटला. तुमच्या शाळेच्या दप्तरात तो होता. रफ वही आणि फेअर वही! रफमध्ये खाडाखोड, फेअरमध्ये सुवाच्य अक्षर, लाल शाईचा समास आणि पहिल्या पानावर सजवलेलं नाव. निर्मळ वागणं, कुठलीही लबाडी नसलेला व्यवहार, तो न्यायाचा अर्थ याच वाटेने आला असणार, असं मला वाटतं.

आणि गोरा हा अर्थ? जिथे बहुतेक सगळे लोक गोरेच होते, त्या देशात ‘सुंदर’ आणि ‘उजळ’ एकाच शब्दात बसले, यात आश्चर्य नाही. तिथे हा फरक मुख्यतः केसांचा आणि कांतीच्या छटेचा होता. आजही इंग्लंडमध्ये ‘फेअर हेअर’ म्हणजे सोनेरी, फिके केस. तरी त्यांनाही यातली गंमत आणि खोट कळत होती. इंग्रजी साहित्य घेतलेल्यांना आठवेल, शेक्सपिअरच्या सॉनेट्समधली शेवटाकडची एक मोठी मालिका सावळ्या, काळ्या डोळ्यांच्या स्त्रीला उद्देशून आहे, आणि तिथे तो ‘फेअर’च्या या दोन अर्थांशी मनसोक्त खेळतो. म्हणजे सुंदर असायला फेअर असावंच लागतं का, हा प्रश्न चारशे वर्षांपूर्वीच विचारून झालाय. आपल्याकडे तो अजून बायोडाटाच्या रकान्यात अडकलाय.

शब्दाचा कुठला अर्थ चालू आहे हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. त्याचा विरुद्धार्थी शब्द शोधा. फेअर वहीच्या विरुद्ध रफ. फेअर हवामानाच्या विरुद्ध फाउल. फेअर पंचाच्या विरुद्ध अनफेअर. आणि फेअर मुलीच्या विरुद्ध? तिथे ‘अनफेअर’ कुणी म्हणत नाही. तिथे ‘डार्क’ येतं, किंवा आपला तो खास भारतीय शोध, ‘व्हीटिश’. मराठीत गव्हाळ. आपल्याकडे तर अजून बारीक मोजमाप आहे. गोरा, निमगोरा, उजळ, गव्हाळ, सावळा. रंगांच्या दुकानातल्या शेड कार्डालाही इतकं सुचणार नाही. ‘निमगोरा’ हा शब्द तर मला कायमच भारी वाटत आलाय. अर्धा गोरा! उरलेला अर्धा कोण, ते लिहायची पद्धत नाही.

माझ्या एका मैत्रिणीच्या घरी मागच्या वर्षी तिचा लग्नाचा बायोडाटा तयार होत होता. शिक्षण, नोकरी, उंची भरून झाली. ‘वर्ण’ या रकान्यापाशी गाडी अडली. आजी म्हणाली सावळा लिहा, खरं ते खरं. आईने ‘गव्हाळ’ सुचवलं. काकाने तोडगा काढला, ‘इंग्लिशमध्ये फेअर लिहा ना, तसं सगळेच लिहितात.’ लक्षात घ्या, मराठीत ‘गोरी’ लिहायला तिथे कुणी धजलं नसतं, कारण ते धडधडीत खोटं दिसलं असतं. ‘फेअर’ मात्र चाललं. त्यात थोडं सुंदर येतं, थोडं उजळ, थोडं नीटनेटकं. मैत्रीण एम.एस्सी. झालेली आहे आणि मॅटर अगदी काटेकोर असलेलं तिला लागतं. तिने तो रकानाच खोडून टाकला. त्यावर घरात जे झालं ते सांगत बसत नाही. पण मला त्यातलं काकाचं वाक्य महत्त्वाचं वाटतं. परकी भाषा आपण पुष्कळदा अशीच वापरतो, आपल्या भाषेत म्हणायला लाज वाटेल ते म्हणण्यासाठी. ‘आम्हाला गोरीच सून हवी’ हे वाक्य मराठीत जसंच्या तसं छापा, किती ओंगळ दिसतं. तेच ‘फेअर ब्राइड प्रिफर्ड’ केलं की सुशिक्षित घर वाटतं!

या शब्दावर बाजार उभा राहिला, हे वेगळं सांगायला नको. १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ भारतात बाजारात आली. नावातच सगळं आलं, फेअर आधी आणि लव्हली नंतर. तीस वर्षांनी, २००५ मध्ये पुरुषांसाठी ‘फेअर अँड हँडसम’ आली, म्हणजे समानता साधली म्हणायचं! सावळ्या मुलीला नोकरी मिळत नाही, क्रीम लावली की मिळते, अशा धाटणीच्या जाहिराती तुमच्या आईबाबांच्या पिढीने वर्षानुवर्षं टीव्हीवर बघितल्या. २०१४ मध्ये जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या ‘आस्की’ या संस्थेने नियम घातला, की रंगामुळे कुणी दुःखी, अपयशी किंवा कमी प्रतीचा आहे असं जाहिरातीत दाखवू नये. मग २०२०. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर जगभर वर्णभेदाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले आणि त्याची धग थेट आपल्या ड्रेसिंग टेबलापर्यंत आली. ‘शादी डॉट कॉम’ने वर्णानुसार स्थळं चाळायची सोय काढून टाकली. ‘फेअर अँड लव्हली’ची ‘ग्लो अँड लव्हली’ झाली.

झालं ते बरंच झालं. पण ट्यूबवरून शब्द गेला म्हणून डोक्यातून जातो थोडाच? आता ‘फेअर’ची जागा ‘ग्लो’ने, ‘ब्राइट’ने आणि ‘डी-टॅन’ने घेतलीये. फोनच्या ब्युटी मोडमध्ये तर शब्दाचीही गरज नाही, बोट सरकवलं की दोन छटा उजळ. तुमच्यापैकी कितीजणींनी सनस्क्रीन त्वचेची काळजी म्हणून लावली आणि कितीजणींनी ‘काळी पडेन’ म्हणून, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. मुलांनीही हसू नये. तुमच्या इन्स्टाच्या डीपीची मूळ प्रत आम्ही बघितलीये.

आता दुसरा अर्थ. न्यायाचा. इथे आपण मराठी लोक फार नशीबवान आहोत, कारण आपल्याकडे या अर्थाला एक झक्कास स्वतंत्र शब्द आहे. रास्त! हा फारसीतून आला. मूळ अर्थ सरळ, खरा. रेशनच्या दुकानावरची पाटी आठवा, ‘रास्त भाव दुकान’. इंग्रजीत ‘फेअर प्राइस शॉप’. अगदी नेमकं भाषांतर. रास्त भाव म्हणजे स्वस्त भाव नव्हे, फुकट तर नव्हेच. ज्याच्या खिशाला जे झेपेल आणि जे देणं योग्य आहे, ते. जर्मन लोकांना या अर्थाचा शब्द आपल्या भाषेत सापडला नाही, त्यांनी इंग्रजीतला ‘फेअर’च उचलला. आपल्याला ती वेळ आली नव्हती. तरीही आपण तो शब्द आणला, आणि आणून लावला कुठे, तर गालाला.

‘रास्त’ची धार बघायची असेल तर कोल्हापूर-सांगलीकडच्या तुमच्या वर्गमित्राला विचारा. ऊसकरी शेतकऱ्याच्या घरात ‘एफआरपी’ ही तीन अक्षरं लहान पोरांनाही पाठ असतात. त्यातला ‘एफ’ म्हणजे हाच आपला फेअर. फेअर अँड रेम्युनरेटिव्ह प्राइस, रास्त आणि किफायतशीर दर. २००९ पासून केंद्र सरकार दर हंगामासाठी तो जाहीर करतं. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यासाठी क्विंटलला ३५५ रुपये ठरला. कारखान्याला ऊस गेला की चौदा दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, असा नियम आहे. आता या ‘फेअर’वर दर वर्षी रान का पेटतं? कारण आकडा ठरवणाऱ्याला जो रास्त वाटतो तो पिकवणाऱ्याला वाटतोच असं नाही. तोडणी-वाहतूक कुणी किती कापायची, उतारा कुठल्या वर्षाचा धरायचा, पैसे एकरकमी की तुकड्यातुकड्यांनी, प्रत्येक शब्दावर भांडण आहे. आंदोलनात ट्रॅक्टर अडवले जातात ते एका विशेषणाच्या अर्थासाठी, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

न्यायालयातही हेच विशेषण भारी पडलंय. राज्यघटनेचं कलम २१ सांगतं, की कायद्याने ठरवलेल्या पद्धतीशिवाय कुणाचं जीवित किंवा स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. त्या कलमात ‘फेअर’ हा शब्द नाही. पण मनेका गांधी यांचा पासपोर्ट सरकारने काढून घेतला, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९७८ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की नुसती कुठलीतरी पद्धत कायद्यात लिहून ठेवली म्हणजे भागलं नाही. ती पद्धत न्याय्य, रास्त आणि वाजवी असली पाहिजे. कायदा शिकणारी मंडळी हे पहिल्या-दुसऱ्या वर्षातच घोकतात. बाकीच्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे, की हा शब्द अख्ख्या सरकारला जाब विचारू शकतो.

म्हणूनच तो जरा जपून वापरावा, असं माझं म्हणणं आहे. कॅन्टीनमधला समोसा संपला, लेक्चर रद्द झालं नाही, क्रशने दुसऱ्याच्या स्टोरीला लाइक दिलं, हे सगळं दुःखद असेल, पण ‘अनफेअर’ नाही. मला आवडलं नाही आणि रास्त नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रास्त नाही कधी म्हणायचं? नियम आधी सांगितलाच नव्हता तेव्हा. सांगितला एक, लावला दुसरा तेव्हा. सरांच्या लाडक्यांना एक फूटपट्टी आणि बाकीच्यांना दुसरी लावली तेव्हा. इंटर्नलचे मार्क कशाचे किती हे सत्राच्या सुरुवातीला सांगितलं असेल आणि तुम्ही जर्नल दिलंच नसेल, तर कमी मार्क फेअरच आहेत हो! आणि सांगितलंच नसेल, तर मात्र तक्रार करायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तेव्हा ‘यार’ न जोडता, लेखी अर्जात, हाच शब्द वापरा.

अजून एक गोंधळ. फेअर म्हणजे सगळ्यांना सारखं, असं आपण धरून चालतो. लेखनिक घेऊन परीक्षा देणाऱ्या दिव्यांग विद्यार्थ्यांना तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ मिळतो, तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. ‘आम्हालाही द्या ना मग’ असं कुजबुजणारे प्रत्येक बॅचमध्ये असतात. वेळ सारखा नाही, पण सारखा नाही म्हणूनच तो रास्त आहे. परीक्षा तुमच्या ज्ञानाची आहे, हाताच्या वेगाची नाही. वाटणीचं म्हणाल तर घराघरात एक जुनी पद्धत असते. आंबा ज्याने कापायचा, त्याने फोड शेवटी उचलायची. कापणाऱ्याचा हात आपोआप सरळ चालतो. जॉन रॉल्स नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७१ च्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात केकचं हेच उदाहरण घेतलंय. त्याच्या न्यायाच्या सिद्धान्ताचं नावच ‘जस्टिस ॲज फेअरनेस’ आहे.

तुमच्या खिशाशी संबंधित एक फेअरही सांगून ठेवतो, कारण तो कुणी सांगत नाही. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ मध्ये सरकारने ‘कमिटी ऑन फेअर वेजेस’ नेमली होती. समितीने म्हटलं, किमान वेतन ही खालची मर्यादा, उद्योगाची पैसे देण्याची क्षमता ही वरची, आणि फेअर वेतन या दोन्हींच्या मधे कुठेतरी. आता आठवा, तुमच्या ओळखीतल्या कितीजणांनी ‘एक्सपोजर मिळेल’ या बोलीवर सहा-सहा महिने फुकट इंटर्नशिप केलीये. खालच्या मर्यादेच्याही खाली असलेल्या गोष्टीला काय म्हणायचं? स्टायपेंडबद्दल विचारताना आपली पोरं संकोचतात, ‘सर, इफ पॉसिबल’ वगैरे सुरू होतं. ‘व्हॉट वुड बी अ फेअर स्टायपेंड फॉर धिस वर्क?’ असं विचारून बघा. वाक्य नम्र आहे, बरोबर आहे, आणि उत्तर द्यायची जबाबदारी समोरच्यावर टाकणारं आहे.

काही बारीक गोष्टी, ज्या मुलाखतीत आणि ईमेलमध्ये हमखास नडतात. दर्जाच्या शिडीवर ‘फेअर’ हा ‘गुड’च्या खालचा आणि ‘पुअर’च्या वरचा. म्हणजे ‘बरा’. जुनं पुस्तक ऑनलाइन मागवलंत आणि अवस्था ‘फेअर’ लिहिली असेल, तर पानं शाबूत असतील पण कव्हरचे कोपरे गेलेले असणार. नंतर वाद घालू नका. सीव्हीत ‘माय कम्युनिकेशन स्किल्स आर फेअर’ असं अभिमानाने लिहिणाऱ्याने स्वतःला काठावर पास केलेलं असतं. ‘फेअर चान्स’ म्हणजे बऱ्यापैकी शक्यता, ‘अ फेअर अमाउंट’ म्हणजे पुष्कळसं. ‘फेअरली’ हे क्रियाविशेषण न्यायाने वागण्यासाठीही चालतं आणि ‘बऱ्यापैकी’ या अर्थानेही. पेपर ‘फेअरली ईझी’ होता म्हणजे सोपा होता, बरं वाटलं. ‘रादर ईझी’ म्हणालात तर कपाळावर आठी आली, जरा जास्तच सोपा होता की काय! आणि परदेशी शिकायला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. तिथल्या रूममेटला तुम्ही नुसतं ‘माय सिस्टर इज फेअर’ म्हणालात, तर तो बहुतेक समजेल की ताई भांडण मिटवताना कुणाची बाजू घेत नाही. रंगच सांगायचा असेल तर ते लोक ‘फेअर-स्किन्ड’ म्हणतात. पण तो सांगायची वेळ नेमकी कधी येते? मेकअपची शेड विकत घेताना, त्वचेच्या डॉक्टरांकडे, फार तर हरवलेल्या माणसाचं वर्णन देताना. माणसाची ओळख करून देताना त्याची गरज पडू नये.

बायोडाटात तो रकाना असेलच, छापील नमुन्यात तो येतोच, तर रिकामा ठेवायला काहीच हरकत नाही. फोटो जोडलेला असतो. मुलाकडच्या मंडळींना डोळे असतात.

आणि हो, स्पेलिंग! बसचं भाडं, जत्रा आणि आपलं विशेषण, देवनागरीत तिन्ही ‘फेअर’च. इंग्रजीत भाडं मात्र एफ-ए-आर-ई. जत्रेचा शब्द विशेषणासारखाच लिहितात, पण तो लॅटिनमधून आलाय, मूळ अर्थ सुट्टी, सणाचा दिवस. त्यामुळे डेपो मॅनेजरला ईमेल करताना ‘द बस फेअर इज नॉट फेअर’ असं लिहिणार असाल, तर पहिला शेवटी ‘ई’वाला आणि दुसरा ‘ए’नंतर ‘आय’वाला. तक्रार रास्त असली तरी स्पेलिंग चुकलं की वाचणारा आधी त्याच्यावरच हसतो.